नववा मजला डेमोत नाही

३ ऑक्टोबर

मावशी,

फोन केला नाही, कारण फोनवर तू "सगळं छान आहे गं, गिऱ्हाईक आलंय, ठेवते" म्हणून मोकळी होतेस. पत्रात तुला असा पळ काढता येत नाही. कुरियर दोन दिवसांत पोचतं, तेवढी मी थांबेन. थांबेन म्हणजे काय, नखं खात बसेन.

आमचा खेळ बाजारात आला त्याला महिना झाला. बारा मजल्यांची इमारत, खेळणारा लिफ्ट चालवतो, माणसं चढतात, बोलतात, उतरतात. तुला सगळं माहीतच आहे. लोकांनी आधी चाखून बघावा म्हणून पहिल्या तीन मजल्यांचा एक डेमो आम्ही फुकट ठेवलाय. कोणीही यावं, कितीही वेळ खेळावं. आजपर्यंत तो एकेचाळीस हजार लोकांनी खेळला. पुढचा खेळ विकत घेणारे अकराशे! बाकीचे तीन मजले फिरून, खूश होऊन, "छान होता हो खेळ" असं लिहून घरी जातात.

घाबरण्याचं कारण वेगळंच आहे. प्रकाशकाशी केलेल्या करारात एक कलम आहे. एकतीस ऑक्टोबरपर्यंत पाच हजार प्रती खपल्या नाहीत, तर खेळ त्यांचा. मग ते त्यात जाहिराती घालतील, मजले तोडतील, काहीही करतील, आणि मी तोंड उघडायचं नाही. चार वर्षं मी आणि भागीदार या एका खोलीत बसून हे करतोय, दोन टेबलं आणि एक गळका पंखा. सही करताना पाच हजार म्हणजे काय विशेष, असं आम्हाला वाटलं होतं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

भागीदार म्हणतो, डेमोला वेळ लाव. वीस मिनिटं झाली की पडदा. पुढे जायचं तर विकत घ्या. मला ते पटत नाही. दारात बोलवायचं आणि अर्ध्या वाक्यात हाकलायचं, हे बरं नव्हे.

तू तीस वर्षं कोट शिवतेस. गिऱ्हाइकाला ट्रायल देतेस, ती फुकटच असते ना? तू "असं करू नकोस" म्हणालीस, तर मी त्याला ठणकावून नाही सांगेन. माझी बाजू घेणारं कोणीतरी हवंय गं.

आणि तुझ्या दुकानातल्या संगणकावर मी पाठवलेला खेळ उघडतो ना? खेळतेस का?

तुझी ढमी


७ ऑक्टोबर

ढमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर काय हे! चार वर्षं नुसती बटणं दाबून हात बिघडला तुझा.

आधी खेळाचं सांगते. अगं, रोज खेळते. दुपारी एकला शटर अर्धं खाली ओढते, डबा खाते आणि संगणकासमोर बसते. तो कुंडी घेऊन चढणारा म्हातारा मला फार आवडतो. प्रत्येक वेळी चुकीच्या मजल्यावर उतरतो आणि दार बंद होताना म्हणतो, "हेही घर वाईट नाही." मी एकटी हसते वेड्यासारखी. ते दोघे भाऊ, एकमेकांकडे न बघता उभे राहणारे, तेही झकास. आणि तिसऱ्या मजल्यावरची ते अवजड वाद्य ओढत नेणारी बाई. तीन मजले, आणि पुन्हा खाली. आटोपशीर. उगाच ताणलेलं नाही. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला म्हणत होता की हल्लीचे खेळ संपता संपत नाहीत. मी म्हटलं, आमच्या पोरीला कुठे थांबायचं ते कळतं.

पण तू पत्रात बारा मजले लिहिलेस. ते पुढे कधी करणार आहेस का? मला तर आहे तेच पुरेसं वाटतं.

आता तुझा प्रश्न. तुला आवडणार नाही, पण भागीदाराचं बरोबर आहे. माझी ट्रायल फुकट असते, पण ती माझ्या आरशासमोर असते आणि कोटाला धावदोऱ्याचे कच्चे टाके असतात. तो कोट दुकानाबाहेर जात नाही. दुकान नवीन होतं तेव्हा एका कारकुनाने हातापाया पडून ट्रायलचा कोट घरी नेला, बायकोला दाखवतो म्हणून. चार महिन्यांनी बाजारात दिसला, तोच कोट अंगात, धावदोरा लोंबतोय, आणि स्वारी मजेत! मी हाक मारली तर म्हणाला, "मावशी, चालतंय की असाच." चालतंय की! त्या दिवसापासून कोणाला ट्रायल घरी नेऊ दिली नाही.

तुझे ते एकेचाळीस हजार म्हणजे सगळे ते कारकून. लाव वीस मिनिटं, आणि भिऊ नकोस.

मावशी


११ ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र भागीदाराला वाचून दाखवायला नको होतं. तो तुझ्यावर खूश आहे. कारकुनाची गोष्ट त्याने भिंतीवर लिहून ठेवलीय.

मी अजूनही भांडतेय त्याच्याशी. कोट अंगावर चढवला की माणसाला कळतं, पण खेळ हळूहळू अंगी लागतो. काही लोक फक्त ते तीन मजलेच खेळत असतील रोज, त्यांचा विरंगुळा असेल तो. त्यांच्या तोंडावर पडदा टाकायचा? हे तुलाच विचारतेय, नीट विचार करून सांग. अजून वेळ आहे, सोमवारपर्यंत.

बारा मजल्यांचं म्हणशील तर ते असंच, पुढचं काहीबाही. तू त्यात डोकं घालू नकोस. तुला आवडलंय ना आहे ते? मग झालं.

सोमवारनंतर तुझ्या संगणकावर काही वेगळं दिसलं, पडदाबिडदा आला, तर तो आमच्याकडचा बिघाड समज आणि बंद करून टाक. मी नंतर नीट करून देईन. चष्मेवाल्याला विचारायच्या भानगडीत पडू नकोस.

लगेच उत्तर पाठव.

ढमी


१९ ऑक्टोबर

मावशी,

आठ दिवस झाले. उत्तर नाही. फोन केला तर "बरं आहे" आणि खट्. मागून मशीनचा आवाजही नव्हता. तुझ्या दुकानात दुपारी चारला मशीन बंद? मला काही सुचत नाहीये.

वीस मिनिटं लावली आम्ही, सोमवारीच. पहिले तीन दिवस खप उसळला. अकराशेवर अडकलेला आकडा सव्वीसशेवर गेला आणि भागीदार टेबलावर ताल धरून बसला. मग शिव्या सुरू झाल्या. "आधी फुकट होतं ते काढून घेतलं", "लुटारू". नवीन येणारे त्या वाचून बाहेरच्या बाहेर परत जातात. आता दिवसाला पन्नास प्रतीही जात नाहीत. भागीदार म्हणतो, दहा मिनिटं कर.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. खेळात तू तिसऱ्या मजल्याच्या वर गेलीस का, एवढंच सांग.

ढमी


२१ ऑक्टोबर

ढमे,

गेले.

मंगळवारी कुंडीवाला लिफ्टमध्ये चढला, तोंड उघडलं आणि काळा पडदा. "पुढील नऊ मजले विकत घ्या." मला वाटलं मीच काहीतरी मोडलं. तू लिहिलं होतंस की चष्मेवाल्याला विचारू नकोस, म्हणून पहिल्यांदा त्यालाच विचारलं. तो हसला. म्हणाला, "मावशी, हा तर नुसता डेमो होता, खरा खेळ पुढे आहे." मी खजील! महिनाभर त्याला सांगत होते की आमच्या पोरीला कुठे थांबायचं ते कळतं.

आधी तुझा राग आला. स्वतःच्या मावशीला कोणी नमुना पाठवतं का? मग वाटलं, म्हातारीला कुठे झेपणार, असा विचार केला असशील. म्हणून मुद्दाम विकत घेतला. चष्मेवाल्याने बसवून दिला. तीन दुपारी खेळले. चौथा, पाचवा, सहावा, सगळं आवडलं. शुक्रवारी नवव्यावर दार उघडलं.

माझं दुकान आहे ते. खिडकीतलं ते वाकडं लाकडी हँगरसुद्धा घातलंस. तोंडात टाचण्या धरलेली बाई मी आहे, दारात टोपी हातात घेऊन उभा आहे तो तुझा बाप आहे, आणि ट्रायलच्या पडद्याखाली दोन पाय दिसतात ते तुझे. ती बाई म्हणते, "माप घेते. दोन फ्रॉक शिवून देते. पण हिला ठेवून घेणं मला जमायचं नाही." आणि लिफ्टवाल्याला काहीच करता येत नाही. नुसतं दार धरून उभं राहायचं. मी खूप वेळ धरलं. ती बाई वर बघत नाही.

मशीन त्यामुळे बंद होतं. तीन दिवस सुई ओवता आली नाही.

तुझी आई सहा महिने इस्पितळात, तुझा बाप फिरतीवर, तू आठ वर्षांची. तुला वसतिगृहात टाकलं. तेवीस वर्षं तू एका शब्दाने बोलली नाहीस की तू ऐकलं होतंस. तुझी आई गेली तेव्हा महिनाभर माझ्याकडे येऊन राहिलीस, तेव्हाही नाही. माझी समजूत, पडद्यामागे तू खडूने खेळत होतीस.

तुला वाटत असेल मी म्हणेन की तू चुकीचं ऐकलंस. नाही गं. शब्द न् शब्द बरोबर आहे. कारणं आठवत बसले. दुकान नवीन, मशीन एकच, माळ्यावर एक खाट. सगळं खरं आहे, पण ही कारणं मी नंतर गोळा केली. त्या दिवशी मला फक्त भीती वाटली होती. पोर रडलं तर काय करू, ताप चढला तर काय करू. मी घाबरले, आणि घाबरले की माझा आवाज चढतो, म्हणून तुला पडद्याआड ऐकू आलं. याहून चांगलं कारण माझ्यापाशी नाही. मला वाईट वाटतं, ढमे. रोज नाही वाटलं, ते खोटं होईल. पण वसतिगृहाचं नाव कुठे वाचलं की वाटायचं.

एकच दुरुस्ती. फ्रॉक तीन होते.

आता धंद्याचं. माझा मागचा सल्ला खड्ड्यात गेला. ट्रायलला मी गिऱ्हाइकाला पाठ आरशात दाखवते, जिथे कोट ओढतोय ती जागा. छान बसलेली बाही बघून माणूस मान डोलावतो आणि निघून जातो. तू तीन गोड मजले फुकट वाटलेस आणि जे खरं आहे ते वर नेऊन ठेवलंस. लोकांना वाटलं, झालं, पोट भरलं. मलाही तसंच वाटलं. मग मिनिटं कापून काय होणार? वेळ काढून टाक आणि नववा मजला डेमोत घाल.

मावशी


२३ ऑक्टोबर

मावशी,

पत्र कुरियरवाल्यासमोरच फोडलं. त्याने पाणी आणून दिलं मला.

मी मुद्दाम डेमो पाठवला होता. तू खेळशील, हसशील आणि तिसऱ्या मजल्यावरून परत फिरशील म्हणून. वेळेच्या मर्यादेला मी विरोध करत होते ना, त्यात लोकांची काळजी थोडी होती, बाकी सगळी भीती तुझी होती. पडदा पडला की तू वर जाशील, म्हणून तुझ्याकडूनच "नको" वदवून घ्यायला निघाले होते. आणि तू म्हणालीस, लाव!

मला तुझा सूड घ्यायचा नव्हता. मजले करत करत वर गेले आणि नवव्यावर ते आपोआप आलं. किती वेळा पुसलं. पुसलं की वरचे तीन मजले खोटे वाटायचे. भागीदाराला माहीत नाही की ती तू आहेस. त्याला वाटतं मी कुठूनतरी रचलंय.

पण डेमोत? अगं, तुला कळतंय का? विकत घेणारे थोडे असतात. डेमो कोणीही उघडतं. चष्मेवाला उघडेल, तुझी गिऱ्हाइकं उघडतील. ते हँगर रस्त्यावरून दिसतं, लोक ओळखतील. मी हँगर काढू का? टाचण्या काढू का? तुला आधी मजले आवडले होते, आता तू माझ्या कलमापायी स्वतःला उघडं पाडायला निघालीस, असं नको व्हायला. खेळ गेला तर जाऊ दे. हे वाक्य दोनदा खोडलं, पण जाऊ दे.

खरं सांग. फोनवर नको.

ढमी


२५ ऑक्टोबर

घाल. हँगरसकट.

सहा दिवस उरलेत आणि तू पत्रं काय लिहीत बसतेस!

मावशी


२ नोव्हेंबर

मावशी,

चार हजार सातशे बारा.

तुझी चिठ्ठी सत्तावीसला दुपारी मिळाली. संध्याकाळपर्यंत आम्ही वेळ काढून टाकला, पहिले दोन मजले ठेवले आणि तिसऱ्याच्या जागी नववा बसवला. पहिल्या दिवशी डेमो मध्येच बंद करणारे वाढले. भागीदार डोकं धरून बसला. पण जे शेवटपर्यंत दार धरून थांबले, त्यांच्यातल्या पाचातल्या एकाने खेळ घेतला. आधी चाळिसात एक घ्यायचा. लोकांनी लिहिलं, "ती बाई वर कधी बघते ते बघायचंय." एकाने लिहिलं, "मीही अशा पडद्यामागे होतो." चार दिवसांत दीड हजारांवर गेल्या. एक आठवडा मिळाला असता तर!

नाही मिळाला. प्रकाशकाचा माणूस काल येऊन गेला. शिव्या नाही, ओरडा नाही, हसून बोलला. सोमवारपासून खेळ त्यांचा. दर दोन मजल्यांनी जाहिरात येणार. आणि नववा मजला काढणार, कारण "तो गिऱ्हाइकाला जड जातो." मी म्हटलं, त्यावरच तर शेवटी खपला. तो म्हणाला, "त्याचं आम्ही बघतो."

भागीदार कालपासून नुसत्या तारा गुंडाळतोय. टेबलं न्यायला शुक्रवारी माणूस येणार आहे, त्याच दिवशी खोली सोडायची. मला खेळाचं नाही वाटत तेवढं, त्या मजल्याचं वाटतं. तू एवढं धाडस केलंस आणि तो जगात चार दिवस टिकला. माफ कर गं.

ढमी


४ नोव्हेंबर

ढमे,

पत्र वाचून त्या हसऱ्या माणसाला कात्री घेऊन भेटायला जावंसं वाटलं. मग बसले. रडून घे पोटभर. चार वर्षं काही थोडीथोडकी नव्हेत. मीही थोडं रडले, अस्तर ओलं झालं.

पण माफी कसली मागतेस? ऐक. परवा शाळेच्या मोठ्या बाई कोटाच्या ट्रायलला आल्या होत्या. उजवी बाही ओढत होती, ती उसवून पुन्हा टाचायला मला वेळ लागणार होता. त्यांना म्हटलं, बसा तोवर, आमच्या पोरीच्या खेळाचा नवा डेमो खेळा. त्या खेळल्या. कुंडीवाल्याला हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मी बाही टाचतेय आणि मला पाठीमागे सगळं ऐकू येतंय, माझंच वाक्य, दोन फ्रॉक शिवून देते. दार धरून उभ्या असणार. मग माझ्याकडे वळल्या, खिडकीतल्या हँगरकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ही तुम्ही का हो?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. नुसती मान हलवून भागलं असतं. मी एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि म्हटलं, "हो, मीच. माझ्या बहिणीची पोर होती. मी नाही ठेवून घेतलं तिला."

एवढं मोठ्याने मी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. चष्मेवाला दारातच उभा होता, त्यानेही ऐकलं. ऐकू दे. ते लोक तुझा मजला पुसणार असतील तर पुसू देत. माझ्याकडून आता पुसता येणार नाही.

बाईंनी विचारलं, "मग ती मुलगी? कुठे असते ती?" मी म्हटलं, हा खेळ तिनेच केलाय. तर म्हणाल्या, "येते का ती तुमच्याकडे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शुक्रवारी येतेय. राहायला."

तेव्हा मला खोलीचं काही ठाऊक नव्हतं, तुझं पत्र नंतर आलं. माळ्यावर दुसरी खाट टाकून घेतलीय. भागीदारालाही जागा नसेल तर दुकानात गादी आहे. किती दिवस, काय, कसं, ते मी विचारणार नाही.

बाईंची दुसरी ट्रायल शनिवारी आहे आणि त्या विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत. मला तोंडघशी पाडू नकोस. ये.

मावशी